दाराला कडी नाही

दीड-दोन महिन्यांपूर्वी सकाळी सकाळी फोन आला. सेलूला निघायच्या गडबडीत होतो. आपल्या भागात दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे सचिव बोलत होते. "भाऊ, आम्ही एक समिती करून राहिलो. समता आणि हक्क समिती. तुमचं नाव टाकतो सदस्य म्हणून. पत्रकार पाहिजेच एक."

मी हो म्हणालो. पत्रकाराला समितीवर घेतलं की बातमी आपोआप येते, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर यादी आली. नऊ नावं. अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, एक डॉक्टर, एक वकील, एक माजी सरपंच, एक देणगीदार, एक पालक आणि मी. यादी दोनदा वाचली. मग फोन लावला, "यात दिव्यांग कोण आहे?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग साधा, अगदी सरळ प्रश्न आला, "त्यायले काय समजते भाऊ समितीतलं?"

खरं सांगतो, मला राग आला नाही. राग यायला तोंड पाहिजे. हेच वाक्य वीस वर्षं माझ्याही मनात होतं, तेही माझ्या सख्ख्या भावाबद्दल.

आज हे लिहितोय ते त्याच्यासाठी, आणि थोडं स्वतःची चूक कबूल करायला. पोस्ट मोठी आहे. सवड असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

माझा लहाना भाऊ आता अडतीस वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांग. आपल्या गावात त्याला सगळे ओळखतात. बसस्टॉपवर उभा राहून कोणती एसटी आली, कोणती गेली, हे तो न चुकता सांगतो. वडील गेल्यावर मायला एकटीला त्याचं करणं होईना. मी तालुका आणि जिल्हा यांच्यात बातम्यांच्या मागे. शेवटी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवासी कार्यशाळेत ठेवलं. तिथे तो अकरा वर्षं होता.

संस्था वाईट नव्हती. जेवण वेळेवर. मारहाण नाही. दिवाळीला नवे कपडे. दरवर्षी स्नेहसंमेलन व्हायचं, आणि मी त्याची बातमी लावायचो, फोटोसह. एका वर्षी तीनचाकी सायकलींचं वाटप झालं. पाहुणे, हार, बॅनर. सायकल कोणाच्या मापाची आहे, ती चढावर चालते का, हे मी कोणाला विचारलं नाही. माझ्या बातमीत देणाऱ्याचं नाव तीनदा होतं, घेणाऱ्याचं एकदाही नव्हतं.

भाऊ सुटीत घरी यायचा तेव्हा एक गोष्ट करायचा. संडासात जायचा, आतून कडी लावायचा, काढायचा, परत लावायचा. दहा-दहा मिनिटं. बाहेर रांग लागायची. आम्ही ओरडायचो. त्याची खोड म्हणून सोडून द्यायचो. पाहुण्यांसमोर हसायचोही.

एकदा माय त्याला भेटायला गेली, मुक्कामी राहिली, आणि परत आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "तिथी संडासाच्या दाराले कडीच नाई रे. एकाही दाराले नाई."

अकरा वर्षं तो दार नुसतं लोटून बसत होता. कोणीही ढकलावं आणि उघडावं. घरी आला की कडी लावून पाहायचा. ती खोड नव्हती. त्याच्या परीनं तो आम्हाला काहीतरी सांगत होता, आणि आमच्यापैकी कोणालाच ते ऐकू आलं नाही.

मी मायला म्हणालो, मी बोलतो संस्थेशी. मायनं हात धरला. "कायले बोलतं? काढून देतीन ना त्याले. मग कुठी नेशीन?"

मी बोललो नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी बांधकाम खात्याला धारेवर धरणारा मी, रेशन दुकानदाराविरुद्ध लिहिणारा मी, एका कडीसाठी तोंड उघडू शकलो नाही. कारण समोरचा आमच्यावर उपकार करत होता.

इथे आपल्या जिल्ह्याबद्दल थोडं बोलावं लागेल.

वर्धा जिल्ह्यात 'सेवा' हा शब्द साधा नाही. सेवाग्राम आपल्याकडे आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्यांची शुश्रूषा केली. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. बाबा आमटे जन्मले आपल्या हिंगणघाटला, आणि पुढे वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं. माणसं ज्यांची सावली टाळत होती, त्यांना या लोकांनी जवळ घेतलं. त्या काळात त्याची किंमत काय मोजावी लागली असेल, हे आपण आज कल्पनेनंही सांगू शकत नाही. आनंदवनाचं मोठेपण मला आणखी एका गोष्टीत वाटतं. तिथे रुग्णाला बसवून खाऊ घातलं नाही. त्याच्या हाताला काम दिलं, आणि तो स्वतःच्या कष्टाचं खाऊ लागला.

ही मोठी माणसं गेली. 'सेवा' हा शब्द मात्र राहिला, आणि पाट्यांवर, लेटरहेडवर, बॅनरवर तो स्वस्त होत गेला. त्याची एक अडचण कोणी बोलत नाही. ज्याची सेवा होते, त्याला तक्रार करता येत नाही. तक्रार केली की तो कृतघ्न ठरतो. हॉटेलात भाजीत मीठ जास्त झालं तर आपण बोलतो, कारण पैसे दिलेत. लंगरात कोणी बोलतं का?

दिव्यांगांसाठीच्या सेवांमध्ये समता आणि हक्क यांची समिती का पाहिजे, याचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे. सेवा घेणाऱ्याला तोंड फुटावं म्हणून. संस्था वाईट असते म्हणून नव्हे. चांगल्या संस्थेतही पाहिजे. तिथे तर तोंड उघडणं जास्त अवघड असतं.

आणि तोंड नसलं की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुली-बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण असं दिलं गेलं की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. यात लपूनछपून काही नव्हतं. शिकलेल्या, जबाबदार लोकांनी, भल्यासाठी म्हणून घेतलेला निर्णय होता. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. त्या निर्णयाच्या टेबलावर सगळे होते, फक्त जिच्या पोटावर टाके पडणार होते ती नव्हती. पुढे २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या निवासी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवरचे अत्याचार उघड झाले, २०१३ मध्ये न्यायालयानं दोषींना शिक्षा सुनावली. शिक्षा झाली हे बरंच झालं. पण ते बाहेर येईपर्यंत त्या मुलींनी कोणाकडे जायचं होतं?

आता कायद्याकडे येऊ. मी वकील नाही, पण गेल्या महिनाभरात 'दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६' बसून वाचला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्याला धरून हा कायदा आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेलेही त्यात येतात, ॲसिड हल्ल्यातले पीडितही येतात.

शिरूरसारखं पुन्हा होऊ नये म्हणून कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार तिच्यावर करता येणार नाही. कलम ७ प्रमाणे छळ, शोषण, हिंसा होत असेल तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. 'कोणीही' म्हणजे तुम्हीसुद्धा, मीसुद्धा. शेजारीसुद्धा.

मला सगळ्यात जास्त थांबवलं ते कलम ६ नं. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं असेल तर एका समितीची आधी परवानगी पाहिजे, आणि त्या समितीतले निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत. निम्मे! म्हणजे कायदा करणाऱ्यांना कळलेलं होतं की समितीत खुर्ची कोणाची, यावर सगळं ठरतं. त्याच्याही आधी, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात 'स्थानिक स्तर समिती'ची तरतूद झाली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमायचं काम तिचं. तिच्यातही एक सदस्य दिव्यांग व्यक्तीच असायला हवा, असं कायदाच सांगतो.

मग अडलं कुठे? कलम २३ पाहा. प्रत्येक सरकारी आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार रजिस्टरमध्ये नोंदवायची, दोन आठवड्यांत चौकशी करायची, समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जायचं. छान. सरकारी आस्थापना म्हणजे नुसतं कलेक्टर ऑफिस नव्हे, सरकारी अनुदान घेणारी संस्थाही त्या व्याख्येत येते. पण हे कलम मुळात नोकरीतल्या भेदभावासाठी आहे. म्हणजे संस्थेत दिव्यांग शिक्षक नोकरीला असेल आणि त्याच्याशी दुजाभाव झाला, तर त्याला दोन आठवड्यांची मुदत बांधलेली तक्रारीची वाट आहे. त्याच संस्थेत राहणाऱ्या माझ्या भावाला, संडासाला कडी नाही एवढं सांगायला, संस्थेच्या आत तशी वाट नाही. त्यानं दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागायची, पुण्याला. हिंगणीहून पुणे म्हणजे एका रात्रीचा प्रवास. ज्याला बसस्टॉपच्या पलीकडे एकट्यानं जाता येत नाही, तो पुण्याला कसा जाईल?

ही मधली जागा रिकामी आहे. ती भरायला संस्थेनं स्वतःहून समिती केली तर चांगलंच आहे. सचिवांना मी तेच सांगितलं. पण नऊ धडधाकट माणसं चहा-बिस्किटं खाऊन प्रोसिडिंगवर सह्या करणार असतील, तर माझं नाव काढा म्हटलं.

मी चार गोष्टी मागितल्या. इथेही लिहितो, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी कुठल्या तरी संस्थेच्या कार्यकारिणीवर असेल.

पहिली, निम्मे सदस्य दिव्यांग. त्यात दोन तरी तिथे राहणारे. उरलेले पालक आणि बाहेरचे. अध्यक्षपद संस्थाचालकाकडे नको. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच पुढ्यात ती ठेवायची, हे बरोबर नाही.

दुसरी, तक्रारपेटीवर भागवू नका. ज्याला लिहिता येत नाही, त्याला पेटीचा काय उपयोग? चित्रं ठेवा. जेवणाचं, आंघोळीचं, झोपायच्या खोलीचं, पैशांचं, मारल्याचं. बोट ठेवलं तरी तक्रार झाली. मूकबधिर मुलांसाठी खुणांची भाषा येणारा माणूस बोलवा, त्यांच्याच शिक्षकाला दुभाषी करू नका.

तिसरी, कोणाला कोंडलं, कोणाला बांधलं, कोणाला गप्प करायला औषध दिलं, कोणाच्या पेन्शनचं पासबुक कोणाकडे आहे, याची वही. तारीख, वेळ, कारण, सही. ती वही समितीनं दर महिन्याला पाहायची.

चौथी, तक्रार केली म्हणून कोणालाही काढणार नाही, हे लेखी. पालकांच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचं. माझ्या मायसारख्या बायांसाठी.

सचिव आधी नाराज झाले. ते समजण्यासारखं आहे. अनुदान वेळेवर येत नाही, पगार थकतात, रात्री वीस मुलांमागे एक काळजीवाहक बाई असते. ती म्हणते, मी माणूस नाही का? बरोबर आहे तिचं. जिचं स्वतःचं कोणी ऐकत नाही, ती दुसऱ्याचं कुठवर ऐकेल? म्हणून समितीत तिलाही जागा पाहिजे, हे मी नंतर जोडलं. आठ-दहा दिवस गेले. मग त्यांचाच फोन आला. "या तुम्ही. करून पाहू."

पहिली बैठक झाली. नऊचे दहा सदस्य झाले. पाच दिव्यांग. त्यात संस्थेत राहणारे दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही विशी ओलांडलेले. संस्थेचा एक जुना अंध विद्यार्थी, जो आता बँकेत आहे. अध्यक्ष तोच. बाकी दोघं तालुक्यातले कार्यकर्ते, एक कुबड्या वापरणारा, एक बोटं गमावलेले वयस्क गृहस्थ. काळजीवाहक बाईही होत्या.

पहिला पाऊण तास कोणी काही बोललं नाही. राहणाऱ्या दोघांना विचारलं, काही त्रास आहे का? दोघंही मुख्याध्यापकांकडे पाहून म्हणाले, "नाई जी, सगळं चांगलं हाय." मला ते शब्द ओळखीचे वाटले. आमच्या घरातलेच होते.

मग मी माझ्या भावाची गोष्ट सांगितली. कडीची. संस्थेचं नाव न घेता, आता तुम्हाला सांगितली तशीच. संपवली आणि गप्प बसलो.

तो मुलगा खाली पाहत म्हणाला, "इथी बी नाई."

मुख्याध्यापक म्हणाले, सुरक्षेसाठी काढल्या होत्या. एका मुलाला आत फिट आली, दार आतून बंद, तोडावं लागलं. खोटं नव्हतं. तो दिवस त्यांनी स्वतः पाहिलेला. म्हणजे एकीकडे जीव, दुसरीकडे लाज. दोन्ही खरे. आणि वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूनं बोलायला टेबलावर कोणी नव्हतं, म्हणून निकाल एकतर्फी लागला होता.

उत्तर काढलं काळजीवाहक बाईंनी. "बाहेरून नाणं घालून फिरवली की उघडते तशी कडी येते ना. माह्या पोरीच्या सासरी हाय." बस्स. इतकं सोपं होतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाच मिनिटांत ठराव झाला. कायद्याची पानं वाचून मला जे सुचलं नाही, ते तिला सुचलं, कारण तिला पहिल्यांदाच कोणी विचारलं.

परवा जाऊन पाहून आलो. सहा दारांपैकी चार दारांना कड्या लागल्या. दोन दारांच्या चौकटी सडल्यात, त्या बदलाव्या लागतील. चित्रांचा तक्ता लागलाय. वही सुरू झाली आहे, पण पहिल्या महिन्यात तीनच नोंदी आहेत आणि तिन्ही एकाच हाताच्या अक्षरात. पुढच्या बैठकीत हा विषय येणार. एका समितीनं स्वर्ग उतरत नाही. ती मुलगी अजून बोललेली नाही. पण परवा ती मला दार दाखवायला घेऊन गेली, आत गेली, कडी लावली, आणि आतून हसली.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, आपल्या घरी तर कोणी दिव्यांग नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या, मोजक्या प्रकारांनुसार. कुठे आहेत हे सगळे? आपल्याच गल्लीत, मागच्या खोलीत. आणि म्हातारपण कोणाला चुकलंय? दिसेनासं होतं, ऐकू येत नाही, गुडघे जातात. आज ज्या दारातून त्यांना आत जाता येत नाही, उद्या तेच दार आपल्यासमोर येणार. तामिळनाडूनं २०२५ मध्ये कायदा बदलून प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर दिव्यांग सदस्य नेमायची सोय केली. आपल्या ग्रामसभेत दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचा हिशेब मागायला दिव्यांग माणूस उभा राहिलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी नाही पाहिला. मी विचारलंही नाही. पुढच्या ग्रामसभेत विचारणार आहे. सोबत या.

शेवटचं. भाऊ दोन वर्षांपासून घरीच आहे. माय पंचाहत्तरीला आली. रात्री तिला झोप लागत नाही. परवा अंगणात बसली होती, म्हणाली, "माह्यानंतर तू हाय. तुह्यानंतर याचं कोन?"

मला उत्तर देता आलं नाही. स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज भरतोय. पण कागद झाला तरी एक दिवस कदाचित त्याला पुन्हा एखाद्या संस्थेत राहावं लागेल. तेव्हा मी नसेन, माय नसेल. तिथल्या टेबलाभोवती कोण बसलेलं असेल, त्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरेल.

मला एवढंच पाहिजे की तेव्हा त्याच्या दाराला कडी असावी. आणि नसली, तर "कडी नाई" म्हणायची त्याला भीती वाटू नये.

तुमच्या ओळखीच्या संस्थेत अशी समिती आहे का, आणि तिच्यात दिव्यांग किती, एवढं विचारून बघा. उत्तर काय मिळालं ते मला कळवा. मी लिहीन.